हिग्ज बोसॉनचा शोध: साताऱ्यातले विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. हिग्ज बोसॉन या २०१२ मध्ये सापडलेल्या मूलभूत कणाचा विषय निघाला की तास संपला तरी प्रश्न संपत नाहीत. मुलं घरी जाऊन सांगतात, मग पालक विचारतात. राजवाड्याच्या चौपाटीवर भेटलेले जुने विद्यार्थीही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. समीकरणं टाळली आहेत, पण अवघड भाग गाळलेला नाही.

हा कण सगळ्या पदार्थाला वस्तुमान देतो, हे खरं ना?

बातम्यांत तसंच छापून आलं होतं, म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी घेतो. हे विधान अर्धंच खरं आहे.

कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात मोजतात. एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि एक जीईव्ही म्हणजे त्याच्या हजारपट. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही आहे. प्रोटॉनमध्ये दोन अप क्वार्क आणि एक डाउन क्वार्क असतो. अप क्वार्क साधारण २.२ एमईव्हीचा आणि डाउन ४.७ चा. तिघांची बेरीज केली तर ९ च्या आसपास येते, म्हणजे प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम एक टक्का. हिग्जमुळे मिळतो तो हा एक टक्का. ६० किलो वजनाच्या माणसात क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा सुमारे ६०० ग्रॅम भरतो, आणि सगळ्या इलेक्ट्रॉनांचं मिळून वस्तुमान २० ग्रॅमसुद्धा होत नाही.

मग उरलेले एकोणसाठ किलो कुठून आले?

ऊर्जेतून. प्रोटॉनच्या आत क्वार्क प्रचंड वेगाने फिरत असतात आणि ग्लुऑन हे बल वाहणारे कण त्यांना जखडून ठेवतात. त्या बंदिस्त हालचालीची आणि बलक्षेत्राची ऊर्जा बाहेरून आपल्याला वस्तुमान म्हणून जाणवते. ऊर्जा आणि वस्तुमान एकच, हे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये सांगितलं होतं. रोज वजनकाट्यावर आपण मुख्यतः तीच ऊर्जा मोजत असतो.

म्हणजे एका टक्क्यासाठी एवढा खटाटोप?

हो, आणि तो करायलाच हवा होता. हा एक टक्का काढून घेतला तर बाकीचे नव्व्याण्णव टक्के कुठल्याच कामाचे राहत नाहीत.

आधी इलेक्ट्रॉन बघा. अणूचा आकार इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर ठरतो. इलेक्ट्रॉन जितका हलका, तितका अणू मोठा. वस्तुमान शून्य झालं तर इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाभोवती टिकूच शकत नाही. मग अणू नाहीत, रसायनशास्त्र नाही, कृष्णेचं पाणी नाही आणि ते पिणारेही नाहीत.

मग क्वार्क. डाउन क्वार्क अपपेक्षा थोडा जड आहे, म्हणून न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा १.३ एमईव्हीने जड भरतो. एवढ्याशा फरकामुळे मोकळा प्रोटॉन टिकतो आणि मोकळा न्यूट्रॉन काही मिनिटांत मोडतो. क्वार्कांना वस्तुमान नसतं तर विद्युतभारामुळे प्रोटॉनच जड ठरला असता आणि मोडून न्यूट्रॉन झाला असता. हायड्रोजन उरला नसता.

तिसरं, डब्ल्यू आणि झेड हे क्षीण बलाचे, म्हणजे न्यूट्रॉन ज्यामुळे मोडतो त्या बलाचे, वाहक कण. ते जड आहेत म्हणून ते बल इतकं दुबळं आहे, आणि ते दुबळं आहे म्हणूनच सूर्य अब्जावधी वर्षं बेताबेताने जळतो आहे.

पण वस्तुमानाचं कोडं नेमकं होतं काय? कणाला वस्तुमान असतं, एवढं मानून पुढे का जाता आलं नाही?

माझ्या मते हा या पानावरचा सर्वांत चांगला प्रश्न आहे. तो बहुतेक वेळा मागच्या बाकावरून येतो.

बलांची समीकरणं एका कडक सममितीवर, म्हणजे ठरावीक बदल केले तरी समीकरण तेच राहावं या अटीवर, उभी आहेत. त्या सममितीनुसार बल वाहून नेणाऱ्या कणाला वस्तुमान असता कामा नये. विद्युतचुंबकीय बलाचा वाहक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, त्याला वस्तुमान नाही. तिथे सगळं जुळतं. क्षीण बल मात्र अणुकेंद्रकाच्या आतच संपतं. इतका तोकडा पल्ला असेल तर वाहक जड असलाच पाहिजे. समीकरण म्हणतं शून्य, निसर्ग म्हणतो जड.

समीकरणात वस्तुमानाचा आकडा जबरदस्तीने घुसवला तर सममिती मोडते आणि उत्तरं निरर्थक येतात. दोन डब्ल्यू कण एकमेकांवर आदळण्याची संभाव्यता काढली तर सुमारे १००० जीईव्हीच्या ऊर्जेला ती शंभर टक्क्यांच्या पुढे जाते. असं होऊच शकत नाही. म्हणजे तिथवर पोहोचण्याआधी काहीतरी नवीन हाती लागणार, हे ठरलेलंच होतं: एक तर हिग्ज कण, नाहीतर त्याचं काम करणारं दुसरं काही. कणांच्या टकरी घडवणारी यंत्रं बांधणाऱ्यांचा भरवसा यावर होता.

हिग्ज क्षेत्र आणि हिग्ज कण एकच का?

क्षेत्र (अवकाशात प्रत्येक जागी ज्याला काही मूल्य असतं असं काहीतरी) मूळ, कण म्हणजे त्या क्षेत्रात उठलेला तरंग. इतर क्षेत्रं रिकाम्या जागी शून्य असतात. हिग्ज क्षेत्र मात्र कुठेच शून्य नसतं. त्याचं मूल्य सगळीकडे सारखं, २४६ जीईव्ही. या खोलीत तेवढंच आणि अजिंक्यताऱ्यावरही तेवढंच. जो कण या क्षेत्राशी जितका घट्ट जोडलेला, त्याचं वस्तुमान तितकं जास्त. फोटॉन जोडलेलाच नाही, म्हणून त्याचं वस्तुमान शून्य. समीकरणांची सममिती शाबूत राहते, फक्त रिकाम्या अवकाशाची स्थिती ती दाखवत नाही.

क्षेत्र म्हणजे अवकाशात भरलेला चिकट द्रव, अशी कल्पना कृपया करू नका. द्रव वेग कमी करतो आणि शेवटी वस्तूला थांबवतो. हिग्ज क्षेत्र कुणालाही थांबवत नाही. एकसमान वेगाने चाललेला कण तसाच चालत राहतो.

ही कल्पना एकट्या हिग्ज यांची होती का?

नाही. १९६४ च्या उत्तरार्धात तीन गटांनी ती वेगवेगळी मांडली. आधी ब्रसेल्सचे रॉबर्ट ब्राउट आणि फ्रान्स्वा आँग्लेर, मग एडिनबरोचे पीटर हिग्ज, आणि पाठोपाठ जेराल्ड गुराल्निक, कार्ल हेगन आणि टॉम किबल. यांपैकी किबल यांचा जन्म मद्रासचा. त्याआधी योइचिरो नांबू आणि फिलिप अँडरसन यांनी अतिवाहक (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) पदार्थांच्या अभ्यासातून वाट दाखवून ठेवली होती, कारण अतिवाहकाच्या आत फोटॉनसुद्धा वस्तुमान असल्यासारखा वागतो.

नाव हिग्ज यांचं चिकटलं त्यामागे एक गोष्ट आहे. त्यांचा दुसरा निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला. त्यांनी त्यात थोडी भर घातली आणि दुसरीकडे पाठवला. या भरीत, अशी यंत्रणा असेल तर एक नवा जड कणही मिळायला हवा, असं स्पष्ट लिहिलं होतं. प्रयोगशाळेत शोधता येईल असं काहीतरी त्यामुळे हाती आलं. परत आलेला पेपर बघून खट्टू होणाऱ्या आमच्या एम.एस्सी.च्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

पुढे १९६७-६८ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग आणि अब्दुस सलाम यांनी ही यंत्रणा क्षीण आणि विद्युतचुंबकीय बलांच्या एकत्रीकरणात बसवली.

बोसॉन हे नाव आपल्या बोस यांच्यावरून आहे ना?

हो. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनना पाठवलेल्या निबंधातून या जातीच्या कणांची सांख्यिकी आली. नाव डिरॅक यांनी दिलं. हिग्ज कणाच्या शोधात बोस यांचा थेट सहभाग नव्हता, तेव्हा तसं भाषणात सांगू नका.

याला देवकण म्हणतात, तर याचा देवाशी काही संबंध?

काहीही नाही. लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या लोकप्रिय पुस्तकाच्या शीर्षकातून ते नाव पसरलं. हिग्ज यांनाही ते आवडत नसे.

१९६४ ची कल्पना आणि २०१२ चा शोध. इतकी वर्षं का लागली?

सिद्धांताने कण असेल म्हणून सांगितलं, पण तो किती जड असेल ते सांगितलं नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात जॉन एलिस, मेरी गेलार्ड आणि दिमित्री नानोपूलोस यांनी हा कण कसा शोधता येईल यावर निबंध लिहिला, तेव्हा वस्तुमानाचा काहीच अंदाज देता येत नाही म्हणून त्यांनी प्रयोग करणाऱ्यांची चक्क माफी मागितली होती.

म्हणून शोध म्हणजे वस्तुमानाचा एकेक पट्टा धुंडाळून बाद करत जाणं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड सापडले, सुमारे ८० आणि ९१ जीईव्हीचे. सिद्धांत बरोबर वाटेवर असल्याचं दिसलं. तिथेच १९८९ पासून लेप हे यंत्र चाललं. २००० मध्ये, बंद व्हायच्या बेतात असताना, त्यात ११५ जीईव्हीच्या आसपास काही संशयास्पद टकरी दिसल्या. यंत्र आणखी चालवावं म्हणून काही शास्त्रज्ञांनी आग्रह धरला. पण त्याच बोगद्यात पुढचं यंत्र बसवायचं होतं, म्हणून नोव्हेंबर २००० मध्ये लेप बंद झालं. ११४ जीईव्हीच्या खाली हिग्ज नाही, एवढं मात्र त्याने पक्कं केलं. अमेरिकेत शिकागोजवळच्या टेव्हाट्रॉन या यंत्राने १६० ते १७० च्या आसपासचा पट्टा बाद केला.

टेक्सासमध्ये तर ८७ किलोमीटर परिघाचं यंत्र बांधायला घेतलं होतं. वीस किलोमीटरहून जास्त बोगदा खोदून झाल्यावर १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ते रद्द केलं. ते पुरं झालं असतं तर हिग्ज कदाचित दहा वर्षं आधी सापडला असता, असं मला वाटतं.

हिग्ज सापडला ते यंत्र केवढं आहे?

सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा बोगदा २७ किलोमीटर परिघाचा आणि जमिनीखाली सरासरी १०० मीटरवर आहे. पोवई नाका मध्यभागी धरून तेवढं वर्तुळ आखलं तर ते पूर्वेला माहुलीच्या अलीकडून आणि पश्चिमेला यवतेश्वरच्या डोंगराखालून जाईल. सातारा शहर आणि अजिंक्यतारा आत येतील. एवढी फेरी प्रोटॉन सेकंदात अकरा हजारांहून जास्त वेळा मारतात. त्यांना वळवणारी चुंबकं उणे २७१ अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात.

एमआयडीसीत काम करणाऱ्या पालकांना मी जॅकची गोष्ट सांगतो. मुख्य चुंबकं १२३२. एकेक १५ मीटर लांब आणि सुमारे ३५ टनांचं. हे धूड मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या अचूकतेने सरकवून जागेवर बसवायचं आणि वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं. त्यासाठी प्रत्येक चुंबकाखाली तीन जॅक आहेत. इतर चुंबकांसाठीचे धरून असे सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले. आराखडा इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा आणि बनवले भारतीय कारखान्यांनी. सीएमएस या प्रचंड शोधकयंत्राचा एक बाहेरचा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आणि पंजाब विद्यापीठाच्या गटांनी उभारला. लेथवर मायक्रॉन सांभाळणाऱ्या माणसाला हे काम किती कठीण आहे ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

२००८ मध्ये हे यंत्र सुरू झालं तेव्हा जग बुडणार म्हणत होते, त्याचं काय?

याहून कितीतरी जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण साडेचार अब्ज वर्षं पृथ्वीवर आदळत आहेत. पृथ्वी जागेवर आहे. यंत्राचंच मात्र नुकसान झालं. १० सप्टेंबरला पहिली फेरी झाली आणि १९ सप्टेंबरला दोन चुंबकांमधला एक विद्युतजोड जळून कित्येक टन हेलियम बोगद्यात सुटला. दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ लागला.

कण तर क्षणात नाहीसा होतो म्हणतात. मग तो सापडला कसा?

हिग्ज कण कुणीही पाहिलेला नाही आणि पाहता येणारही नाही. त्याचं आयुष्य एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागापेक्षाही हजारो पटींनी कमी. मागे राहतात त्याचे तुकडे.

काही अब्ज टकरींमागे एखादा हिग्ज तयार होतो. त्यांतल्या हजारात दोन-तीनच हिग्जचे दोन फोटॉन होतात. इतका दुर्मीळ मार्ग निवडण्याचं कारण म्हणजे फोटॉनची ऊर्जा फार अचूक मोजता येते. सीएमएसमध्ये त्यासाठी लेड टंगस्टेटचे सुमारे ७६ हजार स्फटिक आहेत. मुख्य नळकांड्यातला एकेक स्फटिक वीतभर लांब, टोकाला दोन-सव्वादोन सेंटीमीटर रुंद. दिसायला स्वच्छ काच, पण वजन किलोभराहून जास्त, कारण त्यात वजनाने बहुतांश धातूच आहे. फोटॉन आत शिरला की स्फटिकात किंचित चमक उठते, आणि ती किती तेजस्वी यावरून ऊर्जा कळते.

दोन्ही फोटॉनांच्या ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन मिळाला की ते ज्या कणापासून आले असतील त्याचं वस्तुमान काढता येतं. बारावीचा संवेग-अक्षय्यतेचा नियम आणि थोडी सापेक्षता एवढ्यावर हे गणित होतं. अडचण अशी की दोन फोटॉन इतर शेकडो कारणांनीही निघतात. म्हणून एका जोडीवरून काहीच सिद्ध होत नाही. लाखो जोड्यांचा आलेख काढावा लागतो. आडव्या अक्षावर वस्तुमान, उभ्या अक्षावर जोड्यांची संख्या. हिग्ज नसेल तर रेषा सज्जनगडाच्या डोंगराची सोंड उतरावी तशी एकसारखी उतरत जाते. असेल तर उतारावर मध्येच एक बारीक टेकाड दिसतं. ते दिसलं १२५ जीईव्हीला.

टेकाड योगायोगानेही दिसू शकतं. म्हणून पाच सिग्माचा दंडक. कण मुळात नसताना, केवळ योगायोगाने एवढा मोठा फुगवटा येण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक असेल, तेव्हाच शोध लागला असं म्हणायचं. अपेक्षेने नजर फसू नये म्हणून सीएमएसच्या शास्त्रज्ञांनी २०१२ ची माहिती तपासताना नेमका तोच भाग झाकून ठेवला, पद्धत पक्की केली आणि जूनमध्ये मगच तो उघडला. ॲटलास हे दुसरं शोधकयंत्र वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या माणसांनी चालवलेलं. त्यातही टेकाड तिथेच. चार लेप्टॉनांच्या (इलेक्ट्रॉन आणि त्याचे म्यूऑन, टाऊ हे जड भाऊ म्हणजे लेप्टॉन) मार्गानेही उत्तर तेच आलं.

४ जुलै २०१२ ला, भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराला सुरू झालेल्या सभेत सीएमएसतर्फे जो इंकांडेला आणि ॲटलासतर्फे फाबिओला जानोत्ती यांनी हे जाहीर केलं. ८३ वर्षांचे हिग्ज सभागृहात डोळे पुसत होते. आँग्लेरही होते. ब्राउट वर्षभर आधीच गेले होते. २०१३ चं नोबेल आँग्लेर आणि हिग्ज यांना मिळालं.

तो हिग्जच कशावरून? दुसराच एखादा कण असेल तर?

२०१२ मध्ये सर्नचे लोकही जपूनच बोलत होते. नंतर त्याचं परिवलन (स्पिन, म्हणजे कणाचा अंगभूत फिरण्यासारखा गुण) शून्य असल्याचं दिसलं. असा हा आजवर सापडलेला एकमेव मूलभूत कण. मग तो टाऊ कणांमध्ये मोडताना दिसला. २०१८ मध्ये बॉटम क्वार्कांमध्ये मोडताना आणि टॉप क्वार्कांच्या जोडीने जन्मताना पकडला गेला. २०२० मध्ये म्यूऑनांकडे जाणाऱ्या मार्गाचेही पुरावे मिळाले. जड कणाशी जोड घट्ट आणि हलक्याशी सैल, हा नियम आतापर्यंतच्या मोजणीत टिकला आहे.

याचा सामान्य माणसाला उपयोग काय?

हिग्ज कणाचा थेट उपयोग आज काहीही नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. पण त्याच्या शोधासाठी जी साधनं घडली त्यांचा उपयोग आहे. वर्ल्ड वाइड वेब १९८९ मध्ये सर्नमधल्याच टिम बर्नर्स-ली यांनी सुचवलं आणि १९९३ मध्ये सर्नने ते सर्वांना मोफत खुलं केलं. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारी यंत्रंही कणत्वरकच, म्हणजे कणांना वेग देणारी यंत्रंच, आहेत. तरी मला विचाराल तर, हातातला दगड कशामुळे दगड आहे हे कळणं, हेच मला पुरेसं कारण वाटतं.

मग आता शोधायचं काय राहिलं?

पुष्कळ. इलेक्ट्रॉन अर्ध्या एमईव्हीचा आणि टॉप क्वार्क त्याच्या सुमारे ३ लाख ४० हजार पट जड. हिग्जने वस्तुमान कसं मिळतं ते सांगितलं, पण एकाला एवढं आणि दुसऱ्याला तेवढंच का, ते कुणालाच ठाऊक नाही. न्यूट्रिनो या जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणांचं इवलंसं वस्तुमान याच मार्गाने येतं का, तेही उघडं आहे. कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा, ठाव लागलेला नाही. आणि हिग्ज कण स्वतःशीच कसा वागतो हे बघायला एकाच टकरीत दोन हिग्ज जन्मलेले पकडावे लागतील. ती घटना एका हिग्जपेक्षा हजारपटीहून दुर्मीळ आहे. त्यासाठी यंत्राची टकरी घडवण्याची क्षमता वाढवण्याचं काम चालू आहे.

साताऱ्यात बसून यातलं काही करता येईल का?

येईल, आणि करा. सर्नने प्रयोगांची बरीचशी माहिती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. २०११-१२ च्या टकरींतून चार लेप्टॉनांचा आलेख काढण्याचा सरावही त्यात आहे. पायथन येणाऱ्या, साधा लॅपटॉप असलेल्या मुलाला तो जमतो. १२५ पाशी टेकाड स्वतःच्या स्क्रीनवर आलं की मुलं तासभर जागची हलत नाहीत.

दुसरं, मेघकोष्ठ बनवा. काचेची मत्स्यपेटी, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला फेल्ट, खाली काळा पत्रा आणि त्याखाली कोरडा बर्फ. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारला की वैश्विक किरणांतल्या म्यूऑनांच्या बारीक, सरळ रेषा उमटतात. तळहातावर सेकंदाला साधारण एक म्यूऑन पडतो. तो इलेक्ट्रॉनसारखाच, फक्त २०७ पट जड, कारण हिग्ज क्षेत्राशी त्याची जोड तितकी जास्त. कोरडा बर्फ जाड हातमोज्यांशिवाय धरू नका, खिडक्या उघड्या ठेवा आणि अल्कोहोलजवळ आग नको.

बारावीनंतर या क्षेत्रात जायचं तर काय करावं?

बारावीनंतर आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा देता येते. पुण्याची आयसर सीएमएस प्रयोगात सहभागी आहे. इथेच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करूनही वाट बंद होत नाही: पुढे एम.एस्सी.साठी जॅम, पीएच.डी.साठी जेस्ट किंवा टीआयएफआरची परीक्षा. इंजिनीअरिंगच्या मुलांनाही इलेक्ट्रॉनिक्स, अतिशीत तंत्र आणि कॉम्प्युटिंगमध्ये जागा आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य असल्यामुळे तिथल्या प्रशिक्षणांना आणि नोकऱ्यांना आपल्या मुलांना अर्ज करता येतो. गणित पक्कं करा, एक संगणकीय भाषा शिका आणि प्रयोगवही प्रामाणिकपणे लिहा. वहीत दुसऱ्याची निरीक्षणं उतरवायची सवय लागली असेल तर ती आधी मोडा.